पंच आणि मेथी

परक्या शहरात माणूस आधी घर शोधतो, मग नोकरी टिकवतो, आणि या दोन्हींतून जीव उरला की सेंद्रिय भाजी शोधायला लागतो. तिसरा शोध सगळ्यांत लांबतो. रॉटरडॅममध्ये मला एकोणीस वर्षं झाली. त्यातली निदान अकरा मी शनिवारी पिशवी घेऊन फिरण्यात घालवली. मोठ्या दुकानांतली हिरव्या शिक्क्याची भाजी झाली, बाजारातले तुर्की भाजीवाले झाले, दोन बस बदलून जायचं ते एक शेतही झालं. तिथला मालक भला माणूस होता, पण त्याच्याकडे कोबी, बीट आणि तत्त्वज्ञान एवढंच मिळायचं. मेथी हवी असेल तर गोठवलेली वीट. ती कढईत टाकली की घरभर ओल्या पुठ्ठ्याचा वास सुटायचा, आणि माझी बायको वृषाली खिडकी उघडताना माझ्याकडे असं बघायची, जणू ती वीट मीच घातली होती.

पुढे दोन हजार छत्तीस साली शिक्क्यांचा घोटाळा बाहेर आला. ज्या भाजीवर हिरवा शिक्का होता तिच्यातली निम्मी सरळ रासायनिक खतावर वाढलेली निघाली. लोकांनी आठ दिवस संताप केला, नवव्या दिवशी तीच भाजी घेतली. दुसरी कुठून आणणार? फक्त घेताना आता प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक शहाणा थकवा असायचा. मला काय कळत नाही असं समजू नका, असा.

त्याच सुमाराला आम्हाला मंगलताई औटी सापडल्या.

मंगलताई ओतूरकडच्या. नवरा गेल्यावर मुलाने, सागरने, त्यांना इकडे आणलं. सागरचं घर अकराव्या मजल्यावर. तिथे त्या दोन वर्षं सोफ्याच्या कडेवर बसून राहिल्या. सोफ्यावर टेकून बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नाही. मग शहराच्या टोकाला, कालव्याकाठच्या एका बागसंघात सागरचा नंबर लागला. इकडे असे संघ असतात: मोठी जमीन, तिचे लहान लहान तुकडे, ज्याने त्याने आपला तुकडा कसायचा. सात वर्षांची प्रतीक्षायादी. सागरला त्या जागेवर खुर्ची टाकून बिअर प्यायची होती. आईने पहिल्याच दिवशी खुर्ची उचलून शेडमध्ये ठेवली आणि वाफे आखले. तुकडा नंतर आईच्याच नावावर झाला.

दुसऱ्या वर्षी आम्ही सव्वीस मराठी घरं दर शनिवारी त्या मळ्यावर रांगेत उभी होतो. मेथी, शेपू, मुळा, काचघरात दुधी. जुड्या सुतळीने बांधलेल्या, मुळांना माती तशीच. मी गोदामातला माणूस; आधी न्हावाशेव्याला आणि मग इथल्या बंदरात मिळून तीस वर्षं आलेला माल योग्य खणात टाकण्याचं काम केलं. त्यामुळे माणसंही मी खणात टाकतो. रांगेत तीन जाती होत्या. जुडी घेऊन निमूट जाणारे. जुडी हुंगून 'आजोळची आठवण आली' म्हणणारे. आणि जुडी हातात तोलून शेजाऱ्याच्या जुडीकडे बघणारे. प्रफुल्ल दाभाडे तिसऱ्या जातीचा म्होरक्या. एका मोठ्या कंपनीत गुणवत्ता-विभागाचा साहेब. मेथीसुद्धा तो सही केल्यासारखी घ्यायचा.

एकोणचाळीसच्या वसंतात बागसंघाने नियम काढला. जो कोणी इथली भाजी दुसऱ्याला देईल, त्याने ती यंत्रावर तपासून घ्यायची. निकाल आपोआप संघाच्या कचेरीत जाणार. वर्षात तीन लाल दिवे लागले की जागा काढून घ्यायची. आमच्या गटाने वर्गणी काढून यंत्र आणलं. त्याला कंपनीने काही लांबलचक नाव दिलं होतं. आमच्यात त्याचं नाव 'पंच' पडलं.

पंचाचं शास्त्र मला पुस्तिकेतून जेवढं कळलं तेवढं सांगतो. नायट्रोजनचे अणू दोन वजनांचे असतात. हलके फार, जड अगदी थोडे, हजारात तीन-चार. रासायनिक खत कारखान्यात हवेतल्या नायट्रोजनपासून बनतं, म्हणून त्यात हे प्रमाण हवेसारखंच राहतं. शेणखताचं तसं नाही. उकिरडा कुजताना नाकात जातो तो उग्र वास अमोनियाचा. त्या वाटेने हलके अणू आधी पळून जातात आणि जड मागे उरतात. असं खत खाल्लेल्या पानात जड अणू किंचित जास्त सापडतात. किंचित म्हणजे इतके किंचित, की पूर्वी ते मोजायला खोलीएवढं यंत्र आणि दोन डॉक्टरेट लागायच्या. आता पोळपाटाएवढ्या डब्यात पानाचा तुकडा जळतो, त्याच्या धुरातून लेसर जातो आणि दोन मिनिटांत दिवा लागतो. हिरवा म्हणजे खत खरं. लाल म्हणजे कारखाना.

यंत्र चालवायला माणूस हवा होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्याच्या घरी चहाचे डबेसुद्धा चिठ्ठ्या लावलेले असतात, त्याच्यावर ही वेळ येतेच.

काम सोपं होतं. पंचाला पीक कोणतं ते सांगायचं, मग पान घालायचं. त्याच्या यादीत चारशे पिकं होती. शेपू होता, मुळा होता, वाटाणा होता. मेथी होती, पण मसाल्याचं बी म्हणून. पाल्याची मेथी त्याच्या गावी नव्हती. अशा पिकाला वर्ग नेमून द्यायचा होता: पाला, मूळ, फळ की कडधान्य. मी मेथीपुढे 'पाला' भरलं आणि पुढे गेलो. अर्ध्या मिनिटाचंही काम नव्हतं.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मंगलताईंनी स्वतः एक जुडी सोडून मला पान दिलं.

"घ्या पाटणकर भाऊ. तुमच्या पंचाला जेवू घाला."

शेपू हिरवा आला. मुळा हिरवा आला. मेथी लाल आली.

मी पुन्हा पान घातलं. पुन्हा लाल. रांग एकदम शांत झाली. मराठी माणसं रांगेत शांत झाली की समजावं, सगळ्यांना एकच वाक्य सुचलंय आणि ते कोणी बोलायचं एवढंच ठरायचंय.

"शेपू हिरवा आणि मेथी लाल," दाभाडे म्हणाला. "एकाच मळ्यात. कमाल आहे."

"आवो, एकाच वाफ्यात," मंगलताई म्हणाल्या. "अर्ध्यात मेथी, अर्ध्यात शेपू. शेणखत मीच पसरलं. दुसरा दाणा टाकला नाही मी."

"नाही, तुम्ही म्हणता म्हणजे असेल. पण काकू, शेपू कोण मागतंय? मागणी मेथीला. घाई मेथीची." तो हसला. अत्यंत सभ्य हसला. "मी आपलं सहज म्हटलं."

मंगलताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंचाची काच पुसत होतो. ती स्वच्छच होती.

तीन आठवड्यांनी दुसरी मेथी. दुसरा लाल. यावेळी रांगेत सतरा घरं होती. 'आजोळची आठवण' वाले सगळ्यात आधी गळले. आठवणीला लाल दिवा सोसत नाही. जे आले त्यांनी शेपू नेला, मुळा नेला, आणि मेथीकडे न बघण्याचा असा प्रयत्न केला की मेथीलाच अवघडल्यासारखं व्हावं.

सगळे गेल्यावर मंगलताई उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या.

"अजून एक लाल आला की जागा जाणार ना?"

"नियम तसा आहे."

"सागर म्हणतो, बरं होईल, तुझे गुडघे वाचतील." त्यांनी हाताची माती पाण्यात खळबळली. "त्याच्या घरात मी काय करू हो? ते मशीन भांडी घासतंय, ते मशीन फरशी पुसतंय. सून चांगली आहे. 'आई, बसा' म्हणते. दिवसभर मला सगळे 'बसा' म्हणतात. हितं मला कोणी बसा म्हणत नाही."

मी म्हणालो, यंत्र चुकत असेल. माझ्याच आवाजाला ते पटलं नाही.

"त्या तुमच्या पंचाला आवडतं तरी काय?"

मी सांगितलं. मला सांगायला आवडतं, हा माझा जुना दोष. जड अणू, हलके अणू, उकिरड्याचा वास, सगळं सांगितलं. वर विनोद म्हणून जोडलं, "कोंबडीखताचा वास सगळ्यांत उग्र. ते पोटभर घातलं तर पंच उठून टाळ्या वाजवेल."

त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, विनोद कळला नाही.

जूनच्या शेवटच्या शनिवारी मेथी हिरवी आली. गडद, भरदार, नेहमीच्या दुप्पट मोठ्या पानांची मेथी, आणि दिवा असा हिरवा की दाभाड्याने स्वतः टाळी वाजवली.

"बघा काकू, मन लावलं की होतं," तो म्हणाला.

सव्वीसच्या सव्वीस घरं परत आली होती. फोनवर बातमी दिव्याच्या आधी पोचते. त्या दिवशी वाटाणाही पहिल्यांदा निघाला होता. मी त्याची शेंग पंचाला घातली तर पांढरा दिवा लागला. खाली अक्षरं: 'या पिकाबद्दल सांगता येत नाही.' कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. मंगलताईंनी जुड्या दिल्या, 'या परत' म्हणाल्या. पण हसताना त्या कालव्याकडे बघत होत्या.

घरी वृषालीने मेथी निवडायला घेतली. चार काड्या निवडल्या आणि थांबली. एक पान चावलं.

"ही मेथी नाही."

"हिरवा दिवा आहे."

"दिवा तू खा." तिने दुसरं पान चावलं. "कडू नाही. तुरट नाही. गवत लागतंय. ती लाल मेथी आपण खाल्ली ना, सगळ्यांनी टाकली ती? ती मेथी होती. ही नुसती फुगली आहे."

भाजी केली तर कढईत बोटभर पाणी सुटलं. आम्ही दोघं जेवलो. वृषाली वाद घालत नाही. ती ताटात एक घास ठेवते आणि उठते. छत्तीस वर्षांच्या ओळखीत तो एक घास मी नीट वाचायला शिकलो आहे.

मी पुस्तिका काढली. लाल आणि हिरव्यावर चाळीस पानं होती, पांढऱ्यावर एक. त्या एका पानावर लिहिलं होतं: कडधान्यांच्या कुळातल्या झाडांना ही कसोटी लागू नाही. या झाडांच्या मुळांवर बारीक गाठी असतात, गाठींत जिवाणू राहतात, आणि ते जिवाणू हवेतला नायट्रोजन थेट धरून झाडाला देतात. म्हणजे कारखाना काय आणि ही झाडं काय, दोघांचा कच्चा माल एकच: हवा. दोघांतही जड अणू हवेइतकेच. अशा झाडाला चुकून दुसऱ्या वर्गात घातलं तर निर्मळ जमिनीत वाढलेलं असूनही ते लाल दिसेल. खाली त्या कुळाची नावं होती. वाटाणा, घेवडा, मसूर, हरभरा. नववं नाव मेथीचं.

मेथीला शेंग येते हे मला माहीत नव्हतं का? होतं. शेंगेतून दाणे निघतात, दाण्याचे लाडू होतात, ते लाडू मी खाल्लेत. पण आपल्या स्वयंपाकघरात कडधान्य म्हणजे वाळलेलं, डब्यात भरलेलं, मोड आणायचं. जुडीला कोणी कडधान्य म्हणत नाही. मेथी ही पालेभाजी, हे मला चौथीच्या पुस्तकाने सांगितलं, आईने सांगितलं, मंडईने सांगितलं. मी माल योग्य खणात टाकला होता. खण आमचा होता आणि यंत्र दुसऱ्यांचं.

आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मंगलताई सुटल्या. मग दुसरं वाक्य डोक्यात आलं आणि आनंद तिथेच बसला. मेथी नेहमीच लाल यायला हवी होती, तर या शनिवारी ती हिरवी कशी आली?

रविवारी सकाळी मी मळ्यावर गेलो. वारा नेहमीसारखा आडवा होता. मंगलताई वाटाण्याला काठ्या लावत होत्या. मी मेथीच्या वाफ्यातलं एक झाड उपटलं आणि मुळं झटकली. पांढरी, गुळगुळीत, एकही गाठ नाही.

त्यांनी ते बघितलं. मग चार पावलं जाऊन वाटाण्याचा एक वेल उपटला आणि माझ्या दुसऱ्या हातात दिला. त्याच्या मुळांवर मोहरीएवढ्या गुलाबी गाठी लोंबत होत्या.

"हेच बघायला आलात ना," त्या म्हणाल्या. "आयतं मिळालं की पोरगं कमवायचं सोडतं. मेथीचंही तसंच."

शेडमध्ये, सागरच्या खुर्चीमागे, चार रिकामी पोती घडी करून ठेवली होती. दाणेदार कोंबडीखत. बाजारहाटाच्या चाकाच्या पिशवीतून एकेक पोतं ट्रॅमने आणलं होतं. या संघात ते आणायला सक्त मनाई. पाऊस पडला की ते कालव्यात उतरतं आणि पाणी हिरवं होतं.

"तुम्हीच सांगितलं होतं पंचाला काय आवडतं ते."

"मी विनोद केला होता, मंगलताई."

"मला वाटलं, सांगताय." त्यांनी पोती पायाने मागे सारली. "खरं सांगते, पसरताना हात थांबत होते. पण तीन आठवडे मला कोणी विचारलं नाही की तू काय टाकलं होतं. पंचाला विचारलं सगळ्यांनी. मग म्हटलं, पंचालाच खूश करू. झाला खूश. शहाणी माणसंही झाली."

मी त्यांना वर्गाची गोष्ट सांगितली. मेथीपुढे काय भरलं होतं, काय भरायला हवं होतं. सांगायला फार वेळ लागला नाही. ऐकून त्या वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसल्या.

"म्हंजी माझी मेथी खरी होती."

"खरी होती."

"आणि ही?"

"ही खोटी आहे. आणि आता मी वर्ग दुरुस्त केला की पंच जुने निकाल नव्याने लावेल आणि तेही सांगेल. कडधान्यात एवढे जड अणू निघाले तर भरमसाट खताचा शेरा पडतो. तो शेरा सरळ कचेरीत जातो."

म्हणजे असं होतं: मी दुरुस्ती केली तर त्यांची जुनी बदनामी पुसली जाणार आणि नवी चोरी उघडी पडणार. नाही केली तर मेथी लाल येऊ नये म्हणून दर पेरणीला चार पोती लागणार, आणि सव्वीस घरं हिरव्या दिव्याचं गवत खात राहणार. मी दोन्ही बाजू मनात मांडून पाहिल्या. गप्प राहण्याच्या बाजूला बरंच काही होतं. मळा राहील. माझं नाव राहील. दाभाडे टाळ्या वाजवील. कालव्यात थोडं खत गेलं तर बदकं तक्रार करणार नाहीत. मी छप्पन्न वर्षांचा आहे आणि खरं सांगायचं तर मला गप्प बसण्याची चांगली सवय आहे.

"आपण राहू द्यायचं का?" मी विचारलं.

"राहू द्यायचं म्हंजी मी दर महिन्याला पोती वाहायची."

"मी आणून देईन. गाडी आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रागाने नाही, तोलून पाहिलं.

"तुमची बायको खाते का ही मेथी?"

"एक घास ठेवून उठली."

"मग तिला विचारून या," म्हणाल्या, आणि परत काठ्या लावायला गेल्या.

वृषालीने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "तू काय करशील ते कर. मी ती जुडी निवडणार नाही. आणि त्या बाईंना शनिवारी तोंड दाखवणार नाही, कारण त्यांनी नाही, आपण केलंय हे." थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "आपण म्हणजे तू."

सोमवारी मी मंगलताईंना घेऊन संघाच्या कचेरीत गेलो. जाऊ या, असं त्याच म्हणाल्या. नवी साडी नेसल्या होत्या. संघाची सचिव योहाना ही साठीची, उंच, कधी घाई नसलेली बाई. मी डचमध्ये सगळं सांगितलं: वर्ग, चूक, दोन लाल, पोती. कागद पुढे ठेवले. मंगलताईंना डचचे तीस-चाळीस शब्द येतात. 'खत' हा त्यातला एक. तो आला की त्या मान हलवून हो म्हणायच्या.

योहानाने दोन्ही लाल खोडले. मग चष्मा काढला.

"खत आणायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी," मी म्हणालो.

मंगलताईंनी माझ्या दंडावर चापट मारली. "यांनी नाही. मी आणलं. मी पसरलं. लिहा."

मी भाषांतर केलं. योहाना म्हणाली, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं, हे मी लिहून ठेवते. पण पाणी हिरवं झालं तर ते कोणी खरं सांगितलं म्हणून निळं होत नाही. फुगलेली मेथी उपटून टाका. बेकायदा खताचे दोन लाल धरते. शिक्षेचे लाल वर्ष संपलं म्हणून पुसत नाही. आणखी एक लागला, यावर्षी नाही तर पुढच्या वर्षी, तर जागा रिकामी करा. ती निष्ठुर नव्हती. तिने कॉफीही दिली. एरवी कॉफीला हात न लावणाऱ्या मंगलताईंनी ती संपवली, म्हणजे त्या किती घाबरल्या होत्या ते समजा.

गटाला मी फोनवर सगळं लिहून पाठवलं. माझी चूक पहिल्या ओळीत टाकली. उत्तरं आली. अकरा जणांनी अंगठा दाखवला, आणि अंगठ्यावरून माणसाच्या मनाचा काही पत्ता लागत नाही. दाभाड्याने लिहिलं, 'पारदर्शकतेबद्दल धन्यवाद. यापुढे यंत्र मी हाताळतो.' मी डबा त्याच्या घरी पोचवला.

मंगलताईंनी दुसऱ्या वाफ्यात, जिथे पोती पोचली नव्हती, नवी मेथी पेरली. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ती निघाली. बारीक पानं, लाल देठ, कडूपणा नाकापर्यंत येणारी. दाभाड्याने पान घातलं, वर्ग आता बरोबर होता.

पांढरा दिवा. सांगता येत नाही.

"म्हणजे नक्की काय समजायचं?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

"म्हणजे यंत्र काही सांगत नाही," मी म्हणालो. "मंगलताई सांगतात. शेणखत आहे. त्यांचं ऐकायचं."

लोक विचारात पडले. लाल दिव्याला त्यांना रागावता आलं होतं, हिरव्याला टाळी वाजवता आली होती. पांढऱ्यापुढे काय करायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं. एका बाईने मंगलताईंकडे, मग डब्याकडे, मग परत मंगलताईंकडे पाहिलं आणि शेपू घेतला. शेपू हिरवा होता. तिच्या मागच्याने शेपू घेतला. ज्या शेपूला जन्मात कोणी मागितलं नव्हतं, तो वीस मिनिटांत संपला.

दाभाडे म्हणाला, "काकू, वैयक्तिक काही नाही. पण मला घरी उत्तर द्यावं लागतं."

"द्या की," मंगलताई म्हणाल्या. "शेपूचं द्या."

तीस जुड्यांतल्या सात गेल्या. दोन वृषालीने घेतल्या. ती त्या दिवशी आली होती, रांगेत पहिली उभी होती, आणि मंगलताईंशी बोलताना माझी ओळख नसल्यासारखी वागली. बाकीच्या पाच जुड्या निमूट नेणाऱ्यांनी निमूट नेल्या. ही जात मी आधी हिशेबात फारशी धरली नव्हती.

दुपारी मळा रिकामा झाला. तेवीस जुड्या ओल्या गोणपाटावर पडून होत्या. मी म्हणालो, कंपोस्टच्या पेटीत टाकून येतो. ती फाटकापाशी, सगळ्यांची सामायिक.

"तिकडं कशाला?" मंगलताईंनी शेपूच्या मोकळ्या वाफ्याकडे हात केला. "तो वाफा दमलाय. शेणखत संघ देतो तेवढंच, ते पुरत नाही. हितंच गाडू. मेथी गाडली की जमीन वर्षभर पोसते. आमच्याकडं बेवड म्हणतात. आधीच्या पिकाने मागं ठेवलेलं पुढच्याने खायचं."

त्यांनी सुतळ्या सोडायला घेतल्या. मी उभाच राहिलो, कारण माझ्या डोक्यात अणू फिरायला लागले होते. मेथीने हवेतून धरलेला नायट्रोजन मातीत जाणार. पुढच्या वसंतात त्याच वाफ्यातला शेपू तो खाणार. त्याच्या पानात जड अणू हवेइतकेच सापडणार. आणि शेपू यादीत स्वतःच्या नावाने आहे. तिथे वर्ग बदलायची सोय नाही.

"मंगलताई, थांबा."

त्या थांबल्या. मी समजावलं. यावेळी विनोद केला नाही.

"म्हंजी पुढच्या वर्षी शेपू लाल येईल."

"येईल बहुतेक. आणि तो तिसरा असेल. योहाना चांगली आहे, पण तिला दिवा बघून लिहावं लागतं. मी आधी पत्र देईन, पुस्तिका नेईन, भांडेन. तरी जागा राहील असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही."

"पेटीत टाकलं तर?"

"तर हिरवा येईल. वाफा उपाशी राहील, पण दिवा हिरवा येईल."

त्या वाफ्यापाशी गेल्या. मूठभर माती उचलली, दाबली, बोटं उघडली. ढेकूळ न बनता ती भुगा होऊन खाली पडली. हात झटकून त्यांनी पहिली जुडी सरीत आडवी टाकली.

"मंगलताई, पुन्हा विचार करा."

"केला की. मागच्या वेळी दिव्याकडं बघून शेती केली," त्या म्हणाल्या. "तुम्ही पत्र लिहा तुमचं. चांगलं लिहा. मला हे करू द्या."

दुसरी जुडी पडली, तिसरी पडली. त्यांचे गुडघे वाजत होते. आडव्या वाऱ्यातही मला ते ऐकू येत होतं. शेडच्या दाराशी दुसरं फावडं टेकवलेलं होतं. तीस वर्षांत मी कागद आणि खोकी सोडून काही उचललं नव्हतं. बूट चांगले होते, ते काढावेत की नको, यावर थोडा विचार केला. मग फावडं घेऊन सरीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलो.

"किती खोल?" मी विचारलं.

"वीतभर," त्या म्हणाल्या. "आणि माती उलटी पाडा, नुसती सारू नका."